डिकीचा दरवाजा डोक्यात येतोय: शॉकर बदलण्याआधी आणि बदलताना

प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची रेनॉ डस्टर गाडी, कराडची. मागचा दरवाजा वर केला की पूर्वी टक्क उभा राहायचा, आता सावकाश खाली येतो. सकाळी गार हवेत तर हात काढला की लगेच. गेल्या आठवड्यात आई पिशवी काढायला वाकल्या आणि दरवाजाची कडा डोक्यात बसली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, दरवाजा तोलून धरणाऱ्या दोन नळ्यांपैकी, म्हणजे शॉकरपैकी, डावा एकच गेलाय, तेवढाच बदला. दुसरा म्हणाला, बदलू नका, गॅस भरून देतो. आणि तुम्हाला हे काम घरीच करायचं आहे.

घरी होण्यासारखं आहे. दोन माणसं असली तर अर्ध्या तासाचं काम. पण मी कोल्हापुरात गेली चोवीस वर्षं गाड्यांखाली आणि गाड्यांमागे उभा राहून जे बघितलंय त्यावरून सांगतो, या कामात हात चुकत नाही, दोन गोष्टी चुकतात. एक, दुकानातून आणलेल्या शॉकरवरचा आकडा. दुसरी, जुन्या शॉकरचं टोक धरून ठेवणारी क्लिप काढल्यापासून नवा शॉकर बसेपर्यंत दरवाजा कशाने धरलाय ही. उरलेलं काम दहावीतला पोरगाही करेल.

आधी आजचं बघा. नवे शॉकर येईपर्यंत झाडूचा जाड दांडा किंवा बांबूचा तुकडा मापाने कापून डिकीत टाकून ठेवा. दोन्ही टोकांना जुनी सायकल ट्यूब गुंडाळा म्हणजे रंग जाणार नाही आणि दांडा घसरणार नाही. दरवाजा उघडला की पहिलं काम दांडा लावायचं, मग वाकायचं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, लहान मुलांना तर मागे फिरकूच देऊ नका. हाच दांडा पुढे शॉकर बदलताना लागणार आहे, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

आता शॉकरच गेलेत का, याची खात्री. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजव्या रॉडवर तेलाची काळी चिकट रेघ दिसते. हा पुरावा पुरेसा आहे. रॉड जिथे नळकांड्यात शिरतो तिथे सील असतं, ते सील थकलं की आतलं थोडंसं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि तिथे काजळासारखा थर तयार होतो. म्हणजे गॅरेजवाला म्हणाला डावा गेलाय, आणि फोटो सांगतो की उजवाही फुटलाय. बरेचदा एकाही रॉडवर तेल दिसत नाही तरी दोन्ही मेलेले असतात, कारण गॅस जाताना खूण ठेवत नाही.

तरीपण दोन गोष्टी तपासा, कारण या दोन्हींमुळे चांगले शॉकर उगाच बदललेले मी बघितलेत. दरवाजा अर्धा उघडून हलवा आणि कान द्या. आत पाणी डुचमळतंय का? मागच्या दरवाजाच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. चिखलाने किंवा गंजाच्या पापुद्र्यांनी ती बुजली की पावसाचं पाणी दरवाजातच साठतं. गगनबावड्याकडची एक गाडी माझ्याकडे आली होती, दरवाजा दोन माणसांना उचलेना. तारेच्या टोकाने भोकं मोकळी केली तर बादलीभर पाणी निघालं आणि दरवाजा आपोआप वर राहायला लागला. शॉकरला हात लावायची गरजच पडली नाही. दुसरं म्हणजे नंतर बसवलेलं वजन: मोठा स्पॉयलर, स्टेपनीचं झाकण, सायकलचं स्टँड. हे काढून बघितल्यावर दरवाजा थांबत असेल तर दोष शॉकरचा नाही.

हा शॉकर आहे तरी काय, हे दोन मिनिटं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण त्याला शॉकर म्हणतो, कुणी शॉकअप म्हणतं, कुणी हायड्रोलिक. पार्टच्या दुकानात ‘टेलगेट स्ट्रट’ किंवा ‘गॅस स्प्रिंग’ मागितलं की पटकन कळतं. चाकाच्या शॉकअपचं काम धक्का शोषायचं, याचं काम वजन उचलायचं. बंद नळकांड्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो, सोबत चमचा-दोन चमचे तेल. पिस्टनला बारीक भोक असतं, त्यामुळे गॅस पिस्टनच्या दोन्ही बाजूंना सारख्याच दाबाने असतो. मग रॉड बाहेर का ढकलला जातो? कारण एका बाजूला रॉडने जागा अडवलेली आहे, तेवढ्या जागेवर दाब उलट बाजूने बसत नाही. म्हणजे जोर किती, हे दाब आणि रॉडची जाडी यांवर ठरतं.

हिशेब करून दाखवतो. ८ मिलिमीटरचा रॉड घ्या, त्याचं क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर. त्यातून ४० किलोचा जोर काढायचा तर आत दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोच्या आसपास दाब पाहिजे. तुमच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असते, या नळकांड्यात ११०० पीएसआयच्या वर. जवळपास पस्तीसपट. ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याचं काय करायचं ते आता तुम्हीच ठरवा. नळकांड्याला भोक पाडून, व्हॉल्व्ह बसवून भरलेल्या गॅसमागे सील तेच थकलेलं असतं. चार-सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि तोपर्यंत डिकीत, सामानाच्या आणि पोरांच्या डोक्याजवळ, घरगुती वेल्डिंग केलेली दाबाची नळी. मी माझ्या गाडीला लावणार नाही.

थंडीत जास्त खाली येतो, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. गॅस गार झाला की दाब उतरतो. शॉकरवर छापलेला जोर २० अंशांना मोजलेला असतो. ४०० न्यूटनचा शॉकर नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांना ४३४ च्या आसपास जोर देतो, आणि तोच शॉकर महाबळेश्वरच्या पहाटे ८ अंशांना ३८४ च्या आसपास. एका शॉकरमागे ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोचा फरक. नव्या शॉकरला एवढं सोसतं, कारण त्यात राखीव जोर ठेवलेला असतो. जुन्याची राखीव पुंजी संपलेली असते, म्हणून थंडीत त्याचं पितळ उघडं पडतं. कुणी डिसेंबरात तक्रार घेऊन आला आणि एप्रिलमध्ये ‘आपोआप बरा झाला’ म्हणाला तर समजायचं, पुढच्या डिसेंबरात हमखास परत येणार.

आता आकडा. नळकांड्यावर पार्ट नंबर, बनवल्याची तारीख आणि शेवटी काहीतरी N असं छापलेलं असतं, म्हणजे ०४२०N वगैरे. हा N म्हणजे न्यूटन. दहाने भागलं की किलोत साधारण अंदाज येतो. तुमच्या फोटोत हा आकडा धुळीखाली गेलाय. ओल्या फडक्याने हलकेच पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, छपाई निघून जाते आणि मग दुकानदार म्हणेल तेच खरं.

गिऱ्हाईक मला नेहमी विचारतं, दरवाजा पंचवीस किलोचा, मग चाळीस-चाळीसचे दोन शॉकर कशाला? घरातलं दार कडीजवळ धरून ढकला, मग बिजागरीपासून चार बोटांवर धरून ढकलून बघा. उत्तर हाताला कळतं. दरवाजाचं वजन बिजागरीपासून समजा ६० सेंटिमीटरवर आहे, आणि शॉकर ढकलतो तो बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर. म्हणजे पंचवीस किलो तोलायला तिप्पट, पंच्याहत्तर किलो जोर पाहिजे. दोघांत वाटला की प्रत्येकी साडेसदतीस. वर थंडीसाठी आणि वयासाठी थोडी भर. याचीच दुसरी बाजू अशी की दरवाजा बंद असताना शॉकरची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते, तिथे त्याला पकड मिळत नाही. त्यामुळे नवेकोरे शॉकर लावले तरी सुरुवातीचा हातभर दरवाजा तुम्हालाच उचलावा लागतो. ‘नवे लावले तरी बटण दाबल्यावर उघडत नाही’ ही तक्रार घेऊन परत येणाऱ्यांसाठी हे सांगतोय.

आकडा वाढवायचा मोह होतो. माझा स्वतःचाच किस्सा सांगतो. गॅरेज नवीन होतं, एक गिऱ्हाईक म्हणालं, कंपनीचे लवकर बसतात, जरा दणकट लाव. मी कंपनीच्या आकड्यापेक्षा दीडपट जोराचे लावले. दरवाजा असा उसळून वर जायचा की बघणारा दोन पावलं मागे सरकायचा. साहेब खूश. जूनमध्ये गाडी परत आली, छताच्या मागच्या कडेतून पाणी गळतंय म्हणून. बघतो तर दरवाजा बिजागरीजवळ किंचित वर उचलला गेलेला, छत आणि दरवाजा यांच्यामधली फट एका बाजूला जास्त, रबर दाबलंच जात नव्हतं. बंद दरवाजावरही शॉकर रात्रंदिवस ढकलत असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. बिजागऱ्या पुन्हा जुळवून, मूळ आकड्याचे शॉकर पदरचे घालून दिले. तेव्हापासून कंपनीच्या आकड्यापासून मी हलत नाही. जड स्पॉयलर कायमचा बसवलाय अशी गाडी आली तर थोडा वरचा आकडा घेतो, पण थोडाच.

दुकानात जाताना जुना शॉकर सोबत नेता आला तर उत्तम, नाहीतर तीन गोष्टी लिहून न्या: न्यूटनचा आकडा, पूर्ण उघडलेल्या अवस्थेत बॉलच्या (शॉकरचं टोक ज्या गोळ्यावर बसतं त्याच्या) मध्यापासून बॉलच्या मध्यापर्यंत लांबी, आणि टोकांची ठेवण. लांबी सेंटिमीटरने जास्त निघाली तर दरवाजा गरजेपेक्षा वर जाऊन बिजागरीवर ताण देतो. त्याहून वाईट म्हणजे दाबल्यावरची लांबी जास्त असलेला शॉकर. दरवाजा बंद करताना तो तळाला टेकतो आणि तुम्ही ‘लागत नाहीये’ म्हणून आपटता. मग बॉलची पट्टी वाकते किंवा पत्रा फुगतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून विकलेल्या मालात हेच होतं. कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा माल घ्या. स्टॅबिलससारख्या जर्मन कंपनीच्या शॉकरवर छपाई स्वच्छ असते, नकली मालावर ती बोटाने पुसली जाते आणि रॉडच्या क्रोमवर उजेडात तिरकं बघितलं तर बारीक रेघा दिसतात.

नवा शॉकर हाताने दाबून बघाल आणि तो हलणार नाही. घाबरू नका, चाळीस किलो हाताने दाबणं सोपं नाही. खात्री करायची तर घरातला वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, ठोकळ्याला खोलगट खड्डा पाडून त्यात रॉडचं टोक टेकवा, वरच्या टोकावर दुसरा ठोकळा ठेवून अंगाचा भार सरळ खाली द्या. रॉड दोन-तीन सेंटिमीटर आत गेला की भार सावकाश कमी करत तो बाहेर येताना काट्यावर काय दिसतं ते वाचा. आत जाताना घर्षणामुळे आकडा फुगून दिसतो, म्हणून येतानाचा वाचायचा. ४०० न्यूटनचा शॉकर ४१ किलोच्या आसपास दाखवायला हवा. जुना काढल्यावर त्याचंही असंच मोजा. वीस-बावीस किलोवर आलेला दिसला की ‘एकच बदलला असता तर’ हा विचारच मनातून जाईल. शॉकर तिरपा झाला तर उडतो, त्यामुळे तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका.

एकच का बदलायचा नाही, तेही इथेच सांगून टाकतो. एका बाजूला एक्केचाळीस किलो, दुसऱ्या बाजूला बावीस. दरवाजा दर वेळी पिळला जाणार. पत्र्याला, काचेच्या कडेच्या सीलला, लॉकच्या जुळणीला तो पीळ बसतो. उघडा दरवाजा मागून बघितला तर एक कोपरा खाली दिसतो. शिवाय दोघं एकाच दिवशी बसलेत, एकाच उन्हात, एकाच पावसात राहिलेत. एक गेला की दुसरा रांगेत उभा असतो. दोन्ही बदला.

आता प्रत्यक्ष काम. सामान फार लागत नाही: चपटा बारीक स्क्रू ड्रायव्हर, आमच्याकडे ज्याला डिसमिस म्हणतात तो, पॅकिंगची कागदी टेप, स्वच्छ फडकं, थोडं ग्रीस, डोळ्यांना चष्मा. चष्म्याला हसू नका, स्प्रिंगची क्लिप उडून गेली की थेट डोळ्याकडेच येते असा माझा अनुभव आहे. आणि एक माणूस. हा माणूस मदतीला नाही, त्याचं काम एकच: दरवाजा धरून उभं राहायचं, मोबाइल खिशात ठेवून.

गाडी सपाटीवर लावा, वारं नसलेल्या जागी. दरवाजा पूर्ण वर करा, दांडा लावा, माणूस उभा करा. तिसरी सोय म्हणून मी जुन्या शॉकरच्या रॉडवर, नळकांड्याच्या तोंडाला लागून, ग्रिप प्लायर, म्हणजे आवळल्यावर तशीच अडकून राहणारी पक्कड, घट्ट आवळतो. मग रॉड आत जाऊच शकत नाही आणि दुसऱ्या बाजूचं काम करताना तो दरवाजा अडवून धरतो. यात रॉडला ओरखडे पडतात, म्हणून हे फक्त फेकायच्या शॉकरवर करायचं, नव्यावर कधीही नाही.

शॉकरच्या टोकांभोवती बॉडीच्या रंगावर टेप चिकटवा. डिसमिस सटकला की पहिला ओरखडा तिथेच येतो. तुमच्या फोटोत दोन्ही टोकांना गोल कप आहे आणि कपाच्या पाठीवर स्प्रिंगची वाकडी पट्टी. ही पट्टी पूर्ण काढायची नाही. डिसमिसचं टोक तिच्या कडेखाली घालून तीन-चार मिलिमीटर उचला, एवढ्यात ती बॉलची मान सोडते. तशीच उचलून धरत कप बॉलपासून सरळ बाहेर ओढा, तिरका नाही. इतक्या वर्षांचा माल आहे, कप बॉलवर धरून बसलेला असेल. मग कप थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवत ओढा, पण डिसमिसची पहार करून पत्र्यावर जोर देऊ नका. काही गाड्यांत पट्टीऐवजी तारेची पिन असते, ती गोल फिरवून मानेतून बाहेर काढायची असते. टोयोटासारख्या काही गाड्यांत टोकाला बोल्ट असतात, तिथे पानाच लागतो. आणि बोलेरो किंवा इकोस्पोर्टचा दरवाजा बाजूला उघडतो, त्यांना यातलं काही लागू नाही.

आधी दरवाजाकडचं टोक काढा, मग बॉडीकडचं. काढण्याआधी एक फोटो घ्या: जाड नळकांडं कुठल्या बाजूला आणि बारीक रॉड कुठल्या बाजूला होता त्याचा. नवा अगदी तसाच बसवायचा. शॉकर उलटा बसला तरी दरवाजा उचलेल, पण आतलं तेल जिथे पाहिजे तिथे राहणार नाही. ते तेल सील ओलं ठेवतं आणि दरवाजा वर पोचताना शेवटी हळू करतं. उलट्या शॉकरचा दरवाजा वर जाऊन खटकन आपटतो आणि सील वर्षभरात कोरडं पडतं.

कप निघाला की बॉल बघा. फडक्याने पुसून बोट फिरवा. गुळगुळीत आणि गोल असेल तर ग्रीसचं बोट लावा आणि पुढे चला. गंजाचे खड्डे पडले असतील किंवा एका बाजूने झिजून अंड्यासारखा झाला असेल तर बॉलही बदला, नाहीतर नवा कप काही महिन्यांत सैल होऊन एक दिवस निसटेल. रत्नागिरीकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने बॉल हमखास खराब झालेला असतो. आंबा घाट चढून येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी फोनवरच सांगतो, बॉलसकट घेऊन या.

नवा शॉकर पूर्ण ताणलेला असतो, त्यामुळे दरवाजा अगदी शेवटपर्यंत वर असल्याशिवाय दुसरं टोक बॉलपर्यंत पोचत नाही. इथेच नवशिके अडकतात आणि शॉकर दाबायला बघतात. दाबू नका. एक टोक बसवा, टक असा आवाज आला पाहिजे. मग दरवाजा धरणाऱ्याला सांगा, इंचभर वर घे. कप बॉलसमोर येतो, तळहाताने ठोसा मारा, पुन्हा टक. नव्याची क्लिप काढायची गरज नाही, ती स्वतः उघडून बसते. दोन्ही टोकं हाताने जोरात ओढून बघा. हललं नाही तर ही बाजू झाली. त्यानंतरच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या तर दरवाजा फक्त दांड्यावर आणि मित्राच्या भरवशावर राहतो.

रॉडला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० काहीही लावायचं नाही. ग्रीस फक्त बॉलला. ओला रॉड धूळ धरतो, ती धूळ प्रत्येक उघड-झाकीला सीलमध्ये घासत जाते. याच कारणाने गाडी धुणाऱ्याला सांगा, जेटचा फवारा रॉडच्या तोंडावर मारू नको. आणि गाडी कधी रंगाला दिली तर रॉड झाकायला लावा. रॉडवर उडालेला रंगाचा एक थेंबही वाळल्यावर सीलला कानसेसारखा लागतो. अपघातानंतर मागून रंगवलेल्या गाड्यांचे शॉकर वर्षभरात का जातात, याचं उत्तर बरेचदा रॉडवर बारीक ठिपक्यांत दिसतं.

दांडा काढा, पण दरवाजा लगेच आपटू नका. सावकाश खाली आणत शेवटचा वीतभर भाग बघून घ्या: शॉकर कुठे पत्र्याला, वायरच्या रबरी नळीला किंवा आतल्या प्लास्टिकला टेकत नाही ना. दोनदा हळू उघडझाक करा, मग नेहमीसारखा लावा. थोडा जोर जास्त लागेल, जुन्या मेलेल्या शॉकरची सवय झालेली असते म्हणून. आठवडाभराने दोन्ही बाजूंचे कप पुन्हा ओढून बघा.

ज्यांच्या डिकीचा दरवाजा बटणावर आपोआप वर जातो, म्हणजे नवी फॉर्च्युनर, हेक्टर वगैरे, त्यांनी हे वाचून डिसमिस हातात घेऊ नये. शॉकरला तार जोडलेली दिसली की त्यात मोटर असते. ते वेगळं काम आहे.

जुने शॉकर कुठे टाकायचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मेलेला शॉकर दरवाजा उचलत नाही, पण आत दाब शिल्लक असतो, नवेपणाच्या निम्मा असला तरी टायरच्या सतरापट. कापू नका, तापवू नका, होळीत टाकू नका, घरी भोक पाडून गॅस काढायच्या फंदात पडू नका. भंगारवाल्याला देताना तोंडाने सांगा की यात गॅस आहे. एकदा आमच्या मागच्या बाजूला भंगाराच्या ढिगात कुणी गॅस कटर चालवला, खाली असला शॉकर होता. आवाज असा झाला की मी गाडीखालून डोकं आपटून बाहेर आलो. रॉड पत्र्याच्या कुंपणातून आरपार गेला होता. माणूस एक हात बाजूला होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी जुन्यांवर लाल रंगाने ‘गॅस’ लिहितो आणि मगच देतो.

शेवटची दोन कामं, काम झाल्यावरची. दरवाजा आता पूर्वीपेक्षा वर जाईल, तुम्ही हल्ली तो खाली येतानाच बघत आलाय. घरच्या पार्किंगच्या शेडला, तुळईला किंवा ट्यूबलाइटला लागतोय का, हे पहिल्यांदा उघडताना हात धरून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाने नव्या शॉकरच्या आनंदात तळघरातल्या पार्किंगमध्ये दरवाजा उचलून सोडून दिला आणि पाण्याच्या पाइपावर दरवाजाची कड चेपवून घेतली.

आणि आईंचा हात वर पोचणार नाही. दरवाजाच्या आतल्या पकडीला हातभर लांबीचा कापडी पट्टा बांधून द्या, जुन्या बॅगेचा खांद्याचा पट्टा चांगला चालतो. त्यांनी पट्टा ओढायचा, दरवाजा छातीपर्यंत आला की वरून ढकलायचा. पट्ट्याचं टोक लॉकपर्यंत पोचणार नाही एवढीच लांबी ठेवा.